ग्रहकक्षांचें दीर्घवर्तुळ : दोन प्रचलित कथांचें परीक्षण

ग्रह सूर्याभोंवतीं दीर्घवर्तुळांत फिरतात आणि सूर्य त्या दीर्घवर्तुळाच्या एका नाभीच्या ठिकाणीं असतो, हा सिद्धान्त योहान केप्लर या जर्मन ज्योतिष्यानें इ. स. १६०९ मध्यें आपल्या 'आस्त्रोनोमिया नोव्हा' या ग्रंथांत प्रसिद्ध केला, ही गोष्ट आज शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. परंतु जी गोष्ट सर्वांस ठाऊक असते तिचा इतिहास फारच थोड्यांनीं तपासलेला असतो, असा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांस नेहमीं येतो. प्रस्तुत विषयांत दोन कथा लोकांच्या तोंडीं रुळल्या आहेत. पहिली अशी कीं, टायको ब्राहे याचे वेध आणि वर्तुळावरून केलेलें गणित यांत केप्लरास आठ कलांचें अंतर सांपडलें व त्यानें लागलेंच वर्तुळ टाकून दीर्घवर्तुळ घेतलें. दुसरी अशी कीं, कक्षांचें दीर्घवर्तुळत्व आपल्या पूर्वजांस वेदकालीं, आणि वेदकालीं नाहीं तर निदान सिद्धान्तकालीं, ठाऊकच होतें. केप्लरनें त्यांत नवीन असें कांहीं सांगितलें नाहीं. पहिली कथा पाठ्यपुस्तकांतून आणि दुसरी व्याख्यानांतून व स्मरणिकांतून पुनःपुन्हा वाचावयास मिळते.

या दोन्ही कथा आम्हांस अग्राह्य वाटतात. वरवर पाहतां त्या एकमेकींच्या विरोधी आहेत. एकीस पश्चिमेचा अभिमान, तर दुसरीस पूर्वेचा. परंतु दोहोंचें मूळ एकच आहे. कक्षेचा आकार ही डोळ्यांस दिसणारी वस्तु आहे, आणि ज्याची दृष्टि पुरेशी तीक्ष्ण अथवा ज्याचें ज्ञान पुरेसें दिव्य त्यास तो आकार सहज कळावा, अशी समजूत दोहोंच्या बुडाशीं आहे. ती समजूतच चुकीची आहे. कक्षेचा आकार हा पाहण्याचा विषय नसून मोजण्याचा विषय आहे. आणि मोजमाप किती सूक्ष्म असावें लागतें हें अंकांनीं सांगतां येतें.

हा विषय ज्योतिषाचा असतां इतिहासाच्या त्रैमासिकांत तो कां आणावा, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, 'अमुक गोष्ट अमुक काळीं अमुकांस ठाऊक होती' हें विधान ज्योतिषाचें नसून इतिहासाचें आहे. एखादी सनद किंवा महजर पुढें आला असतां आपण त्याचा काल, भाषा, शिक्का आणि आंतील मजकुराची सुसंगति तपासतों. तीच तपासणी या दाव्यासहि लागू केली पाहिजे. ज्योतिषाच्या बाबतींत एक सोय मात्र अधिक आहे. ती ही कीं, येथें साक्षीदार खोटें बोलत असेल तर आकाश त्याची उलटतपासणी करूं शकतें.

(१) आकार खरोखर कसा आहे

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. पाठ्यपुस्तकांत पृथ्वीच्या कक्षेचें चित्र बहुधा लांबट, ताटलीकडे बाजूनें पाहिल्यासारखें काढलेलें असतें. त्यामुळें दीर्घवर्तुळ म्हणजे केळीच्या पानासारखा कांहींतरी लांबोडका आकार असा ग्रह होऊन बसतो. इतकेंच नव्हे, तर पृथ्वी सूर्याजवळ आली कीं उन्हाळा होतो अशीहि समजूत त्या चित्रानें पसरते. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या अत्यंत निकट येते ती जानेवारीच्या आरंभीं, म्हणजे आपल्याकडे ऐन थंडींत.

ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यानें एका मोठ्या कागदावर मंगळाची कक्षा काढून पाहावी. दीर्घवर्तुळाच्या लांब बाजूचा अर्धा अक्ष १०० मिलिमीटर घेतला तर आंखूड बाजूचा अर्धा अक्ष ९९.५६ मिलिमीटर होतो. दोहोंतील अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी, म्हणजे बोथट पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीइतकें. कंपासानें काढलेल्या वर्तुळाहून हा आकार निराळा आहे असें कोणाचाहि डोळा सांगणार नाहीं. परंतु याच कागदावर सूर्याची जागा मध्यबिंदूपासून ९.३ मिलिमीटर दूर येते आणि ती मात्र कोणासहि दिसते. पृथ्वीच्या कक्षेंत आंखूड अक्षाची तूट एका मिलिमीटराच्या सुमारें सत्तराव्या हिश्शाइतकी, पण सूर्याचें सरकणें १.७ मिलिमीटर. बुधाची कक्षा सर्व ग्रहांत अधिक लांबट. तेथेंहि तूट २.१ मिलिमीटरच आहे, आणि सूर्य मात्र २०.६ मिलिमीटर बाजूला सरकलेला आहे. खरोखर लांबट कक्षा पाहावयाची तर हॅलेच्या धूमकेतूची पाहावी. त्याचा लांब अर्धा अक्ष १०० धरला तर आंखूड सुमारें २५ भरतो.

या अंकांतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. सूर्य कक्षेच्या मध्यावर नाहीं हा फरक मोठा आहे. कक्षा वर्तुळ नाहीं हा फरक त्या मानानें अत्यंत लहान आहे. पहिल्यास आपण केंद्रच्युति म्हणूं. मंगळाची केंद्रच्युति ०.०९३ आहे, आणि वर्तुळापासूनची तूट तिच्या वर्गाच्या निम्म्याइतकी, म्हणजे ०.००४४ आहे. प्राचीन ज्योतिष्यांनीं, ते ग्रीक असोत वा भारतीय, पहिला फरक उत्तम प्रकारें ओळखला होता. ग्रहाची गति कोठें मंद व कोठें शीघ्र होते हें पाहून त्यांनीं वर्तुळाचें केंद्र बाजूला सरकविलें अथवा वर्तुळावर दुसरें लहान वर्तुळ बसविलें, आणि एवढ्यानें बहुतेक सर्व काम भागलें. त्यांनीं वर्तुळ धरलें ही त्यांची अंधश्रद्धा नव्हे. त्यांच्या वेधांच्या मर्यादेंत वर्तुळच खरें होतें.

वेधांची ती मर्यादा किती? मंगळाच्या कक्षेंतील तुटीमुळें सूर्यावरून पाहतां मंगळाच्या स्थानांत पडणारा फरक अधिकांत अधिक सुमारें साडेसात कला होतो, आणि तोहि कक्षेच्या चार आठव्या भागांपाशींच. उच्च, नीच व त्यांच्या मधल्या पादांपाशीं तो शून्य असतो. पूर्ण चंद्राचें बिंब सुमारें एकतीस कलांचें असतें, हें लक्षांत घेतां साडेसात कला म्हणजे त्याचा चौथा हिस्सा होय. टॉलेमीचे वेध दहा कलांपलीकडे विश्वसनीय नाहींत, हें केप्लरनेंच आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. ज्या मापानें दहा मोजतां येतात त्या मापानें साडेसात सांपडत नाहींत. टायको ब्राहे यानें ह्वेन बेटावर १५७६ पासून १५९७ पर्यंत, दुर्बिणीशिवाय परंतु प्रचंड यंत्रांच्या साह्यानें जे वेध घेतले ते एकदोन कलांपर्यंत बिनचूक होते. तेव्हां दीर्घवर्तुळाचा शोध सतराव्या शतकाच्या आरंभीं लागला हा नुसता योगायोग नव्हे. त्यापूर्वीं तो शोध वेधांच्या बळावर लागणेंच शक्य नव्हतें.

(२) केप्लरची कथा

आतां पहिली कथा घेऊं. आठ कलांची गोष्ट खोटी नाहीं. पण ती चुकीच्या जागीं बसविलेली आहे. केप्लर इ. स. १६०० मध्यें प्रागजवळ टायकोकडे येऊन राहिला, आणि १६०१ च्या ऑक्टोबरांत टायको वारल्यावर वेधांचा संग्रह त्याच्या हातीं आला. त्यानें आरंभ केला तो वर्तुळानेंच. सूर्य आणि मंगळ आकाशांत समोरासमोर येतात त्या वेळच्या चार वेधांवरून त्यानें एक वर्तुळ बसविलें. त्यांत सूर्य मध्यापासून ०.११३३२ अंतरावर एका बाजूस आणि ज्या बिंदूभोंवतीं गति सारखी दिसते तो समगतिबिंदु ०.०७२३२ अंतरावर दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी होती. हें साधण्यासाठीं निदान सत्तर वेळां तेंच गणित करावें लागलें, असें तो सांगतो. या मांडणीनें समोरासमोरच्या बारा वेधांतील मंगळाचे भोग सुमारें दोन कलांच्या आंत जुळले. दुसरा कोणी असता तर येथेंच थांबला असता.

केप्लर थांबला नाहीं. त्यानें मंगळाच्या शरांवरून, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या उत्तर-दक्षिण अंतरावरून, सूर्याची च्युति स्वतंत्रपणें काढली. ती ०.०८ व ०.०९९ यांच्या दरम्यान आली, ०.११३ हा अंक खोटा ठरला. म्हणून त्यानें टॉलेमीप्रमाणें दोन्ही च्युति सारख्या, म्हणजे एकूण अंतराच्या निम्म्या, केल्या. तेव्हां भोगांत आठ कलांची चूक पडली. प्रसिद्ध आठ कला त्या ह्या. त्यांनीं केप्लरास दीर्घवर्तुळ दाखविलें नाहीं. त्यांनीं एवढेंच दाखविलें कीं, भोग आणि अंतर हीं दोन्ही एकाच वेळीं साधणारी वर्तुळाची व समगतिबिंदूची जुनी जोडी टिकत नाहीं. या आठ कलांची उपेक्षा करतां येत नाहीं, त्याच साऱ्या ज्योतिषाच्या पुनर्रचनेचा मार्ग दाखवितील, असें त्यानें लिहिलें तें याच ठिकाणीं.

त्यानंतर दीर्घवर्तुळापर्यंत पोहोंचण्यास त्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं, आणि त्या वाटेवर तो अनेकदां चुकला. आधीं त्यास पृथ्वीचीच कक्षा नव्यानें तपासावी लागली. कारण ज्या गाडींत बसून आपण दुसरी गाडी पाहतों तिची चाल ठाऊक असल्यावांचून दुसरीची चाल कळत नाहीं. मग सूर्यापासून ग्रहापर्यंतची रेषा सारख्या काळांत सारखें क्षेत्र आक्रमिते, हा नियम त्यास सांपडला. तो नियम वर्तुळास लावतांच अष्टमांशांपाशीं पुन्हा सात-आठ कलांची चूक दिसूं लागली, आणि या खेपेस ती उलट दिशेची होती. हा दुसरा फरक आणि आधींचा पहिला फरक सारख्याच मापाचे आहेत, म्हणूनच पुढील लेखकांनीं दोहोंची सरमिसळ केली असावी. पहिल्यानें जुनें यंत्र मोडलें. वर्तुळ मोडलें तें दुसऱ्यानें.

वर्तुळ सोडल्यावरहि केप्लर दीर्घवर्तुळाकडे गेला नाहीं. तो अंड्यासारख्या, एका टोंकास रुंद व दुसऱ्या टोंकास निमुळत्या, आकाराकडे गेला. त्या अंडाकृतीचें गणित इतकें कठीण झालें कीं, आकार पूर्ण दीर्घवर्तुळ असता तर आर्किमिडीज व अपोलोनियस यांच्या ग्रंथांत सर्व उत्तरें तयारच मिळालीं असतीं, अशा आशयाची तक्रार त्यानें १६०३ मध्यें आपल्या एका ज्योतिषी मित्रास लिहिलेल्या पत्रांत केली. म्हणजे जें उत्तर खरें होतें तें त्याच्या समोर होतें, आणि तें फार सोपें म्हणून त्यास तें खरें वाटत नव्हतें! अंडाकृतीनें कक्षेच्या मध्यभागीं वर्तुळांतून जी चंद्रकोरीसारखी पट्टी कापली जात होती तिची रुंदी, त्रिज्या १,००,००० धरून, ८५८ होती. वर्तुळ धरलें तर ती शून्य. वेध सांगत होते कीं खरी रुंदी दोहोंच्या मध्यें, म्हणजे ४२९ असावी. पुढें एके दिवशीं मंगळाच्या ५ अंश १८ कला या कोनाचें गणित चाळतांना त्रिकोणमितीच्या कोष्टकांत त्यास १,००,४२९ हा अंक दिसला, आणि झोंपेंतून जागें झाल्यासारखें झालें, असें तो लिहितो. त्यानंतरहि एक आडवाट झाली. मग १६०५ मध्यें दीर्घवर्तुळ निश्चित झालें. ग्रंथ छापून बाहेर पडण्यास १६०९ उजाडलें.

ही हकीकत सविस्तर सांगण्याचें कारण असें. दीर्घवर्तुळ हें एका उत्तम निरीक्षणाचें फळ नव्हे; तें सूक्ष्म वेध, क्षेत्राचा नियम आणि सूर्य हाच ग्रहांस हालवितो ही भौतिक कल्पना या तिघांच्या संयोगाचें फळ आहे. यांतील एकहि अंग नसतें तर आकृति कळली नसती, किंवा कळूनहि तिचा अर्थ कळला नसता. पुढील इतिहास हेंच सांगतो. फ्रान्समधील बुलियो यानें १६४५ मध्यें दीर्घवर्तुळ मान्य केलें, परंतु क्षेत्राचा नियम टाकून दिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस कासिनीनें दीर्घवर्तुळाऐवजीं दुसरीच एक लंबगोल रेषा पुढें केली. नुसता आकार पटण्यासारखा असता तर हें घडतें ना. पटविलें तें गणितानें आणि भाकितांनीं. केप्लरच्या १६२७ च्या रुडॉल्फीय कोष्टकांवरून १६३१ च्या नोव्हेंबरांत बुध सूर्यबिंबावरून जाईल असें वर्तविलें होतें. पॅरिसहून गासेंदीनें तें अधिक्रमण पाहिलें, आणि चूक सुमारें दहा कलांचीच निघाली. जुन्या कोष्टकांची चूक कित्येक अंशांची होती. शेवटचा निर्णय लागला तो न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथानें.

(३) प्राचीनत्वाचा दावा

आतां दुसरी कथा. तिचे पुरस्कर्ते तीन आधार देतात. पहिला आधार ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६४ व्या सूक्ताचा. त्यांत तीन नाभींच्या चक्राचा उल्लेख आहे. दीर्घवर्तुळास नाभि असतात. म्हणून तें चक्र दीर्घवर्तुळ होय, असा युक्तिवाद केला जातो. नाभि हा शब्द भूमितीची परिभाषा म्हणून मराठींत फार अलीकडे आला. आजच्या परिभाषेचा अर्थ ऋषीच्या शब्दावर लादणें म्हणजे शिवकालीन पत्रांतील 'सरकार' शब्दावरून तेव्हां आजच्यासारखें मंत्रिमंडळ होतें असें ठरविण्यासारखें आहे. शिवाय दीर्घवर्तुळास नाभि दोन असतात, तीन नव्हेत. मध्यबिंदु मिळवून तीन करावे म्हटलें, तर त्याच सूक्तांत पांच आऱ्यांचें चक्र आहे, बारा आऱ्यांचें आहे. त्यांची कोणती वक्ररेषा काढावयाची?

खरें पाहतां हें सूक्त आपला अर्थ आपणच सांगतें. अकराव्या ऋचेंत बारा आऱ्यांच्या चक्रावर ७२० पुत्र आहेत. अठ्ठेचाळिसाव्या ऋचेंत बारा भागांच्या, तीन नाभींच्या एका चक्रास ३६० शंकू जडविलेले आहेत. बारा महिने, ३६० दिवस, ७२० अहोरात्र-भाग. चक्र हें संवत्सराचें आहे याविषयीं शंका राहत नाहीं. यास्कानें निरुक्तांत तीन नाभि म्हणजे ग्रीष्म, वर्षा व हेमंत हे तीन ऋतु, असाच अर्थ दिला आहे. कालाचें इतकें सुंदर रूपक ज्यांनीं रचिलें त्यांच्या तोंडीं भूमितीचें प्रमेय घालण्याची गरज नाहीं. त्यानें रूपकहि जातें आणि प्रमेयहि मिळत नाहीं.

दुसरा आधार 'ब्रह्मांड' या शब्दाचा. अंड म्हणजे लंबगोल, म्हणून कक्षा लंबगोल. याचें उत्तर वर येऊनच गेलें आहे. अंडें हें दीर्घवर्तुळ नव्हे. त्याचें एक टोंक रुंद व दुसरें निमुळतें असतें. दीर्घवर्तुळाचीं दोन्ही टोंकें सारखीं असतात. केप्लरनें अंडाकृति घेऊन पाहिली आणि ती वेधांशीं जुळेना म्हणून टाकली. तेव्हां हा आधार मान्य केला तर आपल्या पूर्वजांस केप्लरचें उत्तर नव्हे, केप्लरची चूक ठाऊक होती असें म्हणावें लागेल! शिवाय ब्रह्मांड हें विश्वाच्या कवचाचें नांव आहे, ग्रहांच्या मार्गाचें नव्हे.

तिसरा आधार मात्र विचार करण्याजोगा आहे, कारण त्यांत अंक आहेत. सूर्यसिद्धान्तांत मंदफल काढण्यासाठीं जें लहान वृत्त घेतात त्याचा परिधि स्थिर नाहीं. सूर्याचा परिधि सम पदांच्या अंतीं १४ अंश व विषम पदांच्या अंतीं १३ अंश ४० कला. मंगळाचा ७५ व ७२ अंश. परिधि लहानमोठा होतो, म्हणून ग्रहाचा मार्ग वर्तुळ न राहतां लंबगोल होतो, आणि तेंच दीर्घवर्तुळ, असें म्हटलें जातें. मार्ग शुद्ध वर्तुळ राहत नाहीं हें खरें. परंतु वर्तुळ नव्हे तें सर्व दीर्घवर्तुळ होत नाहीं. दीर्घवर्तुळाच्या गतीची खूण अशी कीं, उच्चापासून ४५ अंशांवरचें मंदफल आणि १३५ अंशांवरचें मंदफल सारखें नसतें. मंगळाच्या बाबतींत त्यांत सुमारें सव्वा अंशाचा फरक पडतो. परिधीची वाढघट ९० अंशांच्या दोन्ही अंगांस सारखीच आहे. ४५ व १३५ या दोन्ही ठिकाणीं परिधि एकच येतो. तेव्हां या वाढघटीनें ती खूण उत्पन्नच होऊं शकत नाहीं. शिवाय हें सारें गणित पृथ्वी मध्यें धरून केलेलें आहे. सूर्य नाभींत ठेवण्याचा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं. परिधि बदलण्याचा हेतु वेधांशीं गणित जुळविण्याचा असावा. त्या हेतूस दीर्घवर्तुळाचें नांव देणें हें त्या ग्रंथाच्या शब्दांत नाहीं, अंकांतहि नाहीं.

(४) खरें श्रेय कोणतें

येवढें लिहिल्यावर कोणी म्हणेल कीं, आम्हांस पूर्वजांचें श्रेय हिरावून घ्यावयाचें आहे. आमचा हेतु नेमका उलट आहे. खोट्या श्रेयाच्या गलबल्यांत खरें श्रेय दिसेनासें होतें, हीच आमची तक्रार आहे.

सूर्याच्या परम मंदफलाचें उदाहरण घ्या. टॉलेमीनें तें २ अंश २३ कला मानलें. सूर्यसिद्धान्ताच्या परिधीवरून तें २ अंश १० कला येतें. आजचें मान १ अंश ५५ कला आहे. म्हणजे या बाबतींत सिद्धान्तकार टॉलेमीपेक्षां सत्याच्या स्पष्टपणें अधिक जवळ होते. तसेंच पंचताराग्रहांसाठीं मंद व शीघ्र संस्कार आधीं अर्धे, मग पुरे करण्याची जी युक्ति सिद्धान्तांत आहे, तिच्या योगें उत्तर टॉलेमीच्या समगतिबिंदूच्या उत्तराजवळ येतें, हें अलीकडील अभ्यासकांनीं गणित करून दाखविलें आहे. वर सांगितलेली ४५ व १३५ अंशांची विषमता सिद्धान्तकारांनीं परिधीच्या वाढघटीनें नव्हे, तर या अर्धसंस्कारांनीं बरीचशी साधली होती. हें श्रेय मोठें आहे आणि तें अंकांनीं सिद्ध होतें. पण त्याची गोष्ट व्याख्यानांतून कोणी सांगत नाहीं, कारण तीस गणित करावें लागतें.

केरळांतील नीलकंठ सोमयाजी यानें इ. स. १५०० च्या सुमारास 'तंत्रसंग्रह' रचला आणि बुध-शुक्रांच्या गणितांतील एक जुनी अडचण दूर केली. ग्रह सूर्याभोंवतीं व सूर्य पृथ्वीभोंवतीं अशी मांडणी त्यानें आपल्या आर्यभटीय-भाष्यांत केली. वर्तुळें त्यानेंहि सोडलीं नाहींत. परंतु टायको ब्राहेच्या मांडणीशीं तुलना होण्याजोगी कल्पना त्यानें टायकोच्या जन्मापूर्वीं मांडली. आपल्या कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ त, म्हणजे इ. स. १५२० मध्यें, 'ग्रहलाघव' लिहिला. ज्याचापांवांचून सर्व ग्रहगणित करण्याची सोय त्यानें केली. आणि कोणता ग्रह कोणत्या पक्षाचा घेतला असतां वेधास जुळतो हेंहि त्यानें सांगितलें. परंपरेपेक्षां वेधास मान देणारी ही वृत्ति केप्लरच्या वृत्तीची सख्खी बहीण आहे. पूर्वजांशीं नातें सांगावयाचें असेल तर या ठिकाणीं सांगावें.

मराठींत या पद्धतीचा वारसाहि आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० मध्यें 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध करून युरोपांतील नवीन मानें मराठी वाचकांच्या हातीं दिलीं. नवें मान परकी म्हणून त्यांनीं टाकलें नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत प्रत्येक सिद्धान्ताचे अंक मांडून, तुलना करून, मग निर्णय देण्याचा परिपाठ घालून दिला. भारतीय ज्योतिषाविषयींचा त्यांचा अभिमान कोणाहूनहि कमी नव्हता. पण त्यांचा अभिमान अंकांच्या मागून येई, पुढें धांवत नसे.

(५) उपसंहार

यापुढें कोणीहि, कोणत्याहि देशाच्या वतीनें, दीर्घवर्तुळाचा प्राचीन शोध पुढें आणील, तर त्यास तीन प्रश्न विचारावे. ग्रंथांत दोन अक्ष अथवा नाभि यांचें मान दिलें आहे काय? त्या मानावरून ग्रहाचें स्थान काढण्याची रीति दिली आहे काय? आणि त्या रीतीनें आलेलें स्थान, साडेसात कलांचा भेद ओळखूं शकेल अशा वेधाशीं, जुळवून पाहिलें होतें काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी येईल तर आम्ही आनंदानें आपलें मत बदलूं. एकाहि प्रश्नाचें उत्तर देतां येत नसेल तर तो दावा शिक्का नसलेल्या सनदेच्या योग्यतेचा समजावा. हेच प्रश्न आम्हीं केप्लरासहि लावले आहेत, आणि त्याचा ग्रंथ आपल्या चुकांसकट त्यांचीं उत्तरें देतो, म्हणूनच त्याचें श्रेय निर्विवाद आहे.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दीर्घवर्तुळ हाहि शेवटचा शब्द नव्हे. इतर ग्रहांच्या ओढीनें प्रत्येक कक्षा हळूहळू फिरते व तिची केंद्रच्युति कमीअधिक होते. बुधाच्या कक्षेच्या फिरण्यांत शंभर वर्षांस सुमारें ४३ विकला न्यूटनच्या गणितानें हिशोबांत बसेनात. ही तफावत लव्हेर्ये यानें १८५९ मध्यें प्रथम उघडकीस आणली आणि ती आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धान्तानें उलगडली. दहा कलांच्या वेधास वर्तुळ पुरलें. एका कलेच्या वेधास दीर्घवर्तुळ लागलें. विकलांच्या वेधास तेंहि अपुरें पडलें. ज्या ज्या पिढीनें आपल्या मापाशीं प्रामाणिक राहून गणित केलें तिनें आपलें काम केलें. तिच्यावर पुढील पिढीचें ज्ञान लादणें हा तिचा गौरव नसून, तिनें स्वतः जें केलें त्याचा विसर आहे. आणि इतिहाससंशोधकानें तरी या विसरास साहाय्य करूं नये, एवढीच आमची विनंति आहे.